आधी छत, मग भिंती

बेताच्या विजेचे घर : लेखांक ४

मेच्या मध्यावर, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पिंगळी स्टेशनच्या फलाटावर उन्हात उभे राहिले, तर आपली सावली शोधावी लागते. परभणी–पूर्णा लोहमार्गावरचे हे गाव १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे, म्हणून त्या दिवसांत सूर्य थेट डोक्यावर येतो. घर बांधणाऱ्याने यातून एवढेच घ्यायचे, की ऐन उन्हाळ्यात ऊन भिंतींपेक्षा छताला जास्त झोडपते. मागच्या लेखात आपण काळ्या मातीतला पाया पाहिला. आज भिंती बाजूला ठेवून सरळ जिन्याने वर जाऊ.

जुन्या माणसांनी हा हिशेब फार आधी केला होता. मराठवाड्यात शेत काळीत आणि वस्ती पांढरीत. त्याच पांढरीची, पाणी सहजी मुरू न देणारी माती घरावर चढायची. सागवानी तुळया, त्यांवर लाकडी चिपा, वर पाला आणि शेवटी फूटभर माती, असे ते माळवद. उजेडाला छतात सानं ठेवलेले असे. दिवसभराचे ऊन एवढ्या जाड थरातून खाली झिरपेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसे अंगणात नाहीतर माळवदावरच अंथरूण टाकायची. घर गार राहायचे ते या उशिरामुळे.

मग माळवद का गेले? दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांहून अधिक ओझे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच जड छपरे आणि मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर मराठवाड्यातल्या लोकांच्या मनातून माळवद उतरले ते उतरलेच. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली, परभणी आणि नांदेड परिसराला ४.५ रिश्टरचा धक्का बसला तेव्हा ती भीती पुन्हा जागी झाली. त्यामुळे ‘जुने ते सोने’ म्हणत माळवदाकडे परत जा, असे मी सांगणार नाही. ओझे सोडायचे, पण उष्णता अडवण्याची युक्ती ठेवायची.

माळवदाच्या जागी पत्रा आला, स्लॅब आला. पत्रा ऊन थोपवतच नाही, बारा वाजता त्याच्याखाली भट्टी पेटते. पाच इंची स्लॅब थोडे थोपवतो, पण चुकीच्या वेळेपर्यंत. दुपारभर प्यालेली उष्णता तो संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर, खाली सोडू लागतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. मग गच्चीवर बादल्या ओतणे सुरू होते, तेही पाणीटंचाईच्या महिन्यांत.

यावर तीन उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत.

पहिला, पांढरा रंग. गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात, चिकटपणासाठी त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन आल्या पावली परत पाठवतो आणि खालची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. पत्र्यावरही हा उपाय चालतो, त्याला पत्र्याचा पांढरा रंग वापरावा. धुळीने तो मळतो, म्हणून दर होळीच्या सुमारास नवा हात द्यायचा. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले.

दुसरा, गच्चीचा कोबा. पाणी गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा आपण करतोच. त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या, तर दरवर्षीचा चुना वाचतो आणि कोब्यातल्या विटा उष्णतेला आणखी अडवतात.

तिसरा, नव्या घरासाठी फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट फारसा भार घेत नाही. तिथे सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौले किंवा मातीची मडकी बसवायची. सिमेंट वाचते, वजन घटते आणि कौलांमध्ये कोंडलेली हवा उष्णता रोखते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात हा स्लॅब रुळवला. मात्र सळयांचा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्यावा, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये.

छत झाले की छज्जा. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर, चौकटीला लागून दोन फुटांचा छज्जा काढा. मार्च ते सप्टेंबर या काळात भर दुपारचे ऊन त्या खिडकीतून आत येत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि निम्म्या खिडकीतून ऊन थेट घरात उतरते. परभणीची थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या उन्हाची किंमत सांगायला नको. पश्चिमेला मात्र छज्जा पुरत नाही, कारण तिथले ऊन तिरपे येते. त्या बाजूला न्हाणीघर, जिना किंवा कोठीची खोली ठेवा, नाहीतर दोडक्या-भोपळ्याचा मांडव घाला.

एवढे केल्यावर विजेकडे वळावे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा साधारण ३०. चार पंखे रोज बारा तास फिरले, तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, हे लक्षात घेतले तर ही बचत लहान नाही. सौर पॅनेल त्यानंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपये अनुदान आहे आणि त्याला साधारण ३०० चौरस फूट गच्ची लागते. तेवढ्या गच्चीला पॅनेलची सावलीही मिळते.

बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. आधी एसी, मग त्याच्या बिलासाठी सौर पॅनेल, आणि छत तसेच तापत राहते. यंदाच्या उन्हाळ्यापुरते एवढेच करा : दोन खोल्यांपैकी एकीच्याच गच्चीला चुना द्या आणि संध्याकाळी सात वाजता दोन्ही खोल्यांच्या छताला खालून हात लावून पाहा. पुढच्या आठवड्यात भिंती.