हेडफोन सारखा का तुटतो?

गटाच्या ऑनलाइन प्रशिक्षणात ताई कर्जाचे हप्ते समजावत होत्या आणि माझ्या बिनवायरच्या हेडफोनची लॅपटॉपशी जोडणी तीनदा तुटली. नेमका व्याजाचा हिशेब निसटला. मी नवा हेडफोन घ्यायला निघाले होते, पण दोष दुसरीकडेच निघाला.

आधी हेडफोनचं चार्जिंग पाहा. मग घरातल्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. हेडफोन पूर्वी ज्या फोनला जोडलेला असतो, त्याच्याकडे परत धावतो. माझं हेच झालं होतं.

तरीही तुटतोय? ब्लूटूथ आणि बरेच वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात, त्यांची गर्दी होते. म्हणून लॅपटॉपजवळ बसा, मध्ये भिंत नको.

विंडोजचा लॅपटॉप वीज वाचवायला ब्लूटूथ बंद करत असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ब्लूटूथच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली ती खूण काढा. ही सोय दिसली नाही, तर जुनी जोडणी काढून हेडफोन नव्याने जोडा.

महत्त्वाच्या बैठकीला साधा वायरचा हेडफोन जवळ असू द्या. आणि ऐकू आलं नाही, तर “ताई, परत सांगा” म्हणायला लाजू नका. कर्जाच्या कागदावर सही आपलीच असते!