वखारीतील कीड आणि आपले कर्तव्य

सिमरोलच्या पंचक्रोशीत गहू व हरभरा उत्तम पिकतो. परंतु माल खळ्यावरून वखारीत आला की व्यापाऱ्याची खरी चिंता सुरू होते. गव्हात सोंडे शिरतात, हरभऱ्यात भुंगेरे. पोते उघडावे तो हाती भुकटी यावी, हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही?

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या पेढीने डॉलर हरभऱ्याच्या थप्पीत स्वतःच विषारी वायूच्या गोळ्या ठेवून वर ताडपत्री घातली. गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा राहिला, म्हणून तिसऱ्याच दिवशी ती काढली. आत गेलेल्या हमालास घेरी आली. मोकळ्या हवेत नेल्यावर तो सावरला, हे आमचे भाग्य. पुढे उरलेल्या पोत्यांत पुन्हा भुंगेरे दिसले. दोन्ही चुका आमच्याच होत.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळीतून, हवेतील ओलाव्याच्या योगाने, सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू हळूहळू सुटतो. हिंडते किडे लवकर मरतात. अंडी व कोष मात्र तग धरतात. यास्तव थप्पी निदान ७ दिवस, व थंडीत त्याहून अधिक, हवाबंद राहिली पाहिजे. ताडपत्री गळकी असेल तर दुबळी कीड मरते आणि चिवट तेवढी उरून वंश वाढविते. फॉस्फीनला न जुमानणारी अशी कीड भारतातही आढळली आहे. मिथाइल ब्रोमाइड हा दुसरा वायू ओझोनच्या थरास घातक. त्यामुळे २०१५ पासून भारतासारख्या देशांत, निर्यातपूर्व व रोगकीड-प्रतिबंधक तपासणीची कामे वगळता, त्याचा वापर थांबविण्याचे ठरले. तेव्हा उरलेले साधन आपण निष्काळजीपणे बोथट करणे योग्य नव्हे.

फॉस्फीनच्या विषावर नेमका उतारा नाही, आणि वासावरून धोका ओळखता येईलच असे नाही. १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ मध्ये सरकारने बंदी घातली, ती उगाच नव्हे. हे काम अधिकृत कीडनियंत्रकाकडूनच करवावे. आणि वखारीस लागून बिऱ्हाड असेल, तर तेवढे दिवस मुलाबाळांस तेथे निजवू नये.

उद्योगी हिंसा गृहस्थास सर्वस्वी टळत नाही, हे आपले शास्त्र जाणते; तथापि यत्नाने ती कमी करणे आपल्या हाती आहे. गहू-हरभरा १२ टक्क्यांहून कमी ओलाव्याचाच भरावा. पोती स्वच्छ असावीत. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट दूर रचावी. सांडलेले दाणे रोज झाडावेत व जुना माल आधी विकावा. जी कीड उपजलीच नाही, तिला मारण्याचा प्रसंग येत नाही. उलट, अर्धवट दिलेला वायू म्हणजे तीच हिंसा दोनदा, आणि शिवाय मनुष्यप्राणास धोका.

म्हणून वायू हा शेवटचा उपाय समजावा, आणि योजलाच तर पुरता योजावा, एवढेच आमचे व्यापारी बंधूंस नम्र निवेदन आहे.