शिरेचा व्यास आणि रुग्णाची स्थिती

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या स्त्रिया आणि राईस मिलमध्ये तासन्‌तास उभे राहणारे कामगार पायांच्या फुगलेल्या शिरा, जडपणा व सूज घेऊन वैद्यांकडे येतात. त्यांच्याजवळ डॉप्लर सोनोग्राफीचा अहवाल असल्यास त्यातील व्यासाचा आकडा वाचण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते : तपासणीच्या वेळी रुग्ण उभा होता की निजलेला?

शिरेची भिंत धमनीपेक्षा पातळ असते. आतील दाबाप्रमाणे ती फुगते वा मिटते. मनुष्य स्तब्ध उभा असता हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार पायाच्या शिरांवर पडतो. घोट्याजवळील दाब त्या वेळी पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. निजल्यावर तो १० च्या आसपास उतरतो. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात व दाब ३० च्या खाली येतो. म्हणून एकाच व्यक्तीची तीच शीर एकाच दिवशी उभ्याने रुंद, तर निजून अरुंद दिसते.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यधापूर्वी पाय कसा ठेवावा व बंध कोठे बांधावा, हे सांगितले आहे. स्थितीनुसार शीर उठून दिसते, हे आपल्या शास्त्रास नवीन नाही.

व्यवहारात याचे महत्त्व दुहेरी आहे. केवळ निजवून तपासल्यास झडपांचा दोष झाकला जाऊ शकतो. त्यासाठी रुग्णास उभे करून, भार दुसऱ्या पायावर देऊन, पोटरी दाबून सोडतात; वरवरच्या शिरेत रक्त ०.५ सेकंदाहून अधिक काळ उलट वाहिल्यास तो दोष मानतात. दुसरे असे की, उपचारापूर्वी उभ्याने व नंतर निजून मापन झाले, तर व्यास आपोआप कमी भरेल. त्याचे श्रेय काढ्यास वा गुग्गुळास देणे ही रुग्णाची व शास्त्राचीही फसवणूक होय. औषधनिर्मात्या बंधूंनीही अशी तुलना आपल्या पत्रकांत छापू नये.

तुलना करावयाची तर स्थिती, मापनाचे ठिकाण व दिवसाची वेळ तीच हवी. उष्णता व दिवसभराचे उभे राहणेही शिरा फुगविते. तेव्हा चिठ्ठीवर ‘उभ्या स्थितीत, मागील ठिकाणीच मापन करावे’ असे स्पष्ट लिहावे.

मात्र एकाच पायास अचानक सूज व वेदना आल्यास खोल शिरेत गुठळी असण्याचा संभव असतो. तेथे अभ्यंग वा मर्दन न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. व्यासाची तुलना पुढे करता येईल. सुटलेली गुठळी फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते.