उधाण पाहावे, पण अंतर राखून

पावसाळा सुरू झाला की मुंबईत मरीन ड्राइव्ह, वरळी, बँडस्टँड आणि जुहू येथे खवळलेला समुद्र पाहण्यासाठी गर्दी लोटते. या आनंदात गैर काही नाही. मात्र किनाऱ्यावर पाऊस-वारा नाही म्हणजे समुद्रही निर्धोक आहे, हा समज जिवावर बेततो. १२ जून २०२३ रोजी 'बिपरजॉय' चक्रीवादळ मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर होते. तरीही जुहूच्या समुद्रात चार मुलांचा बुडून मृत्यू झाला.

वादळाने उठवलेल्या लाटा वादळाच्या पुढे धावतात आणि एका दिवसात शेकडो किलोमीटर अंतर कापतात. आकाश निरभ्र असतानाही त्या किनाऱ्यावर आदळू शकतात. शिवाय सर्व लाटा सारख्या नसतात. इशाऱ्यात दिलेली लाटांची उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही उसळते. त्यामुळे अर्धा तास कोरडा राहिलेला खडक पुढच्या क्षणी पाण्याखाली जाऊ शकतो. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन एक टनाहून अधिक भरते. त्या लोंढ्यापुढे पोहता येणाऱ्याचेही काही चालत नाही.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती अधिक चढते. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस व वेळा मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. उंच लाटांचे इशारे हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था, तर चक्रीवादळाचे इशारे हवामान खाते देते. घराबाहेर पडण्यापूर्वी हे सर्व पाहून घ्यावे.

समुद्र पाहायचा तो कठड्यापासून मागे, उंच जागेवरून. ओला दिसणारा प्रत्येक दगड लाटेच्या टप्प्यात आहे, असे समजावे. टेट्रापॉडवर उतरू नये. शेवाळावरून पाय घसरला की माणूस खालच्या फटींत अडकतो. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. मेघगर्जना ऐकू येताच पक्क्या इमारतीत जावे.

चक्रीवादळाचा इशारा असेल तर किनाऱ्यावर जाऊच नये. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या 'निसर्ग' वादळात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. वादळाचा केंद्रभाग डोक्यावरून जाताना वारा पडतो, पण तो थोड्याच वेळात उलट दिशेने पुन्हा झोडपू लागतो. त्या शांततेला भुलून बाहेर पडू नये.

कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी न घेता तरंगणारी वस्तू वा दोर फेकावा आणि ११२ किंवा मुंबईत १९१६ या क्रमांकावर कळवावे. अनेकदा वाचवायला गेलेलाच आधी बुडतो.