बोथट विळ्याची मजुरी कोण भरतो? धारेचे शास्त्र आणि दगडाची निगा

सप्टेंबर सरता सरता हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची कापणी सुरू होते. पुढे वसमत, कळमनुरी भागात हळदीचा पाला कापायचा असतो आणि हिवाळाभर उसाच्या फडात कोयता चालतो. यातले बरेच काम उक्ते दिले जाते. मजुरी एकराची किंवा टनाची, तासाची नव्हे. म्हणून हत्यार बोथट असले तर तोटा मालकाचा नाही, मजुराचा होतो. तेवढ्याच पैशांसाठी त्याला जास्त वेळ वाकावे लागते.

घरातही तेच. धारदार सुरी कांद्यात अलगद उतरते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, मग ती टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि बोटात शिरते. आमच्या भगिनी याला नशीब म्हणतात. आम्ही याला धारेचा अभाव म्हणतो.

चाक की दगड?

पूर्वी बलुतेदारीत लोहार विळे-कुऱ्हाडी पाजवून देई आणि सुगीला धान्य नेई. आता बाजाराच्या दिवशी चाकवाला धार लावून देतो. काम झटपट होते, पण पाते कोरडे ठेवून जोरात दाबले तर कड तापून निळी पडते. कड निळी पडली म्हणजे पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार चार दिवसही टिकत नाही.

हाताने दगडावर लावलेली धार संथ, पण पाते वाचवणारी. बाजारातला काळा-करडा दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो. हा पदार्थ १८९१ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत तयार केला. दगडावरचा आकडा लहान तितका तो खरखरीत. ४०० नंबरचा दगड मोडलेली कड नीट करतो, १००० नंबरचा रोजची धार लावतो.

धार म्हणजे कोन

स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. हाड तोडणाऱ्या सुऱ्याला २५ ते ३० अंश हवेत. २० अंश मोजायचे कसे? पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी पाठ दगडापासून वर उचलावी. पाते ३ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ १ सेंटिमीटर वर. अवघड काय, तर प्रत्येक घासणीला तोच कोन राखणे. हात डुलला की कड गोल होते.

याच अडचणीवर आता कोन धरणारा साचा मिळतो. त्यात पाते चिमट्यात घट्ट बसते. दगड एका सळईला जोडलेला असतो आणि सळई ठरलेल्या कोनातच पुढे-मागे सरकते. नवशिक्याचीही धार सारखी येते. एका बाजूने घासत राहावे. दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक खरखर बोटाला जाणवली की बाजू बदलावी. बोट मात्र कडेकडून बाहेर न्यावे, कडेवरून लांबीने फिरवू नये. शेवटी बारीक दगड हलक्या हाताने लावून पाते चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढावे.

साचा सर्वांसाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. वाकडा विळा आणि पाटाला जडलेली विळी त्यात बसत नाही. तिथे हत्यार स्थिर ठेवून हातातला दगडच फिरवावा. दातेरी विळ्याच्या दातांवर सपाट दगड घासू नये, दाते झिजतात. खानावळ, मटणाचे दुकान, भोजनाचे काम घेणारा बचत गट यांना मात्र साचा उपयोगी आहे.

दगड जपला तरच साचा

साच्यातला दगड अरुंद असतो. मधेच घासत राहिल्यास तो मध्यभागी खोलगट होतो. मग कोन बदलतो आणि साच्याचा उपयोगच संपतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात:

१) दगडाची पूर्ण लांबी वापरावी.

२) पाण्याच्या दगडाला पाणी, तेलाच्या दगडाला शिलाई मशीनचे पातळ तेल. खाण्याचे तेल सुकून चिकट होते व दगड बुजतो. पाण्याच्या दगडाला तेल कधीच लावू नये.

३) दगड काळा, गुळगुळीत दिसू लागला की लोखंडाचा चुरा भरला असे समजावे. पाण्याचा दगड ब्रश व पाण्याने धुवावा.

४) महिन्या-दोन महिन्यांनी दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात. काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासावा. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट झाला.

५) दगड सावलीत वाळवावा. उन्हात तडे जातात.

६) हिऱ्याच्या कणांची पट्टी असल्यास ती सपाट करायची नसते. जोर न देता वापरावी आणि धुऊन पुसून ठेवावी.

एक संच, एक वही

प्रत्येक घराने संच घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. वस्तीतल्या बचत गटाने एक साचा आणि दोन-तीन चांगले हातदगड घ्यावेत. कोणी नेले, कधी परत केले, दगड शेवटचा कधी सपाट केला, हे एका वहीत लिहावे. दोन-तीन तरुण मुला-मुलींनी धार लावण्याचे काम शिकावे आणि कापणी सुरू होण्याच्या आठ दिवस आधी वस्तीतली सारी हत्यारे पाहून घ्यावीत. उक्त्याचा भाव ठरवताना मजुराचे फारसे चालत नाही. हत्याराची धार मात्र त्याच्याच हातात आहे.