होम्स आवडतो तो वॉटसनमुळे

शेरलॉक होम्स शेजारी म्हणून कुणालाच परवडणार नाही. तंबाखू ठेवायची ती पर्शियन सपातेच्या टोकात. उत्तर न दिलेली पत्रं शेकोटीवरच्या फळीत सुरी खुपसून अडकवायची. हुक्की आली की खोलीतच पिस्तूल झाडून भिंतीवर राणीची आद्याक्षरं काढायची. वर कोकेन. तरीही १८८७ पासून वाचक या माणसावर जीव टाकत आले आहेत. हे कसं साधलं ते पाहायचं, तर होम्सपेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्या डॉक्टर वॉटसनकडे नीट पाहायला हवं.

आर्थर कॉनन डॉयलने ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा मिळून होम्सवर एकूण ६० गोष्टी लिहिल्या. त्यातल्या चार सोडल्या तर बाकी सगळ्यांचा निवेदक वॉटसन.

१८९१ मधली ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ घ्या. होम्स विचारतो, खालून या खोलीपर्यंतचा जिना तू किती वेळा चढला असशील? शेकडो वेळा, वॉटसन म्हणतो. मग पायऱ्या किती? वॉटसन गप्प. १७, होम्स सांगून टाकतो. वाचणारा इथे नकळत आपल्या घराचा जिना आठवू लागतो आणि त्यालाही आकडा सापडत नाही. पण खजील व्हायची वेळ येत नाही, कारण शिकलासवरलेला, अफगाण युद्धातून आलेला डॉक्टरही तिथेच अडलेला असतो. अतिहुशार माणूस पाहिला की आपल्या पोटात थोडं दुखतंच. वॉटसन ते दुखणं परस्पर स्वतःवर घेतो आणि आपल्या वाट्याला निखळ कौतुक तेवढं उरतं.

होम्सनेच गोष्ट सांगितली तर काय होतं, हेही डॉयलने करून पाहिलं. १९२६ मध्ये आलेल्या ‘द ब्लँच्ड सोल्जर’ आणि ‘द लायन्स मेन’ या दोन्ही कथा होम्सच्या तोंडी आहेत आणि माझ्या मते दोन्ही फिक्या उतरल्या. निवेदकाला उत्तर सुचलेलं असतं आणि तो ते मुद्दाम दडवून ठेवतो, हे वाचकाला जाणवतं. वॉटसनला खरोखरच काही कळलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या न सांगण्यात लबाडी नसते. पहिल्या कथेत तर खुद्द होम्सच वॉटसनची उणीव भासल्याचं कबूल करतो.

नायकात दोष हवेत, असं नेहमी सांगितलं जातं. पण नुसते दोष चिकटवून माया उत्पन्न होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे होम्सला ठाऊक नसतं. त्याचं आपल्याला हसू येतं, एवढंच. ‘द यलो फेस’मध्ये मात्र त्याचा तर्क सपशेल चुकतो. तेव्हा तो मित्राला सांगून ठेवतो की पुढे कधी मला फाजील आत्मविश्वास चढलाच, तर कानात ‘नॉर्बरी’ एवढं पुटपुट. चूक झाली त्या गावाचं हे नाव. दोष आहे, त्याची बोच आहे आणि ती बोलून दाखवायला हक्काचा माणूस आहे. इथे होम्स आपला वाटतो.

होम्सच्या हळवेपणाचा साठा डॉयल फार हात राखून खर्च करतो. ‘द थ्री गॅरिडेब्ज’मध्ये वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते. होम्स गुन्हेगाराच्या डोक्यात पिस्तूल हाणतो, मित्राला खुर्चीत बसवतो आणि चाकूने त्याची विजार फाडून जखम तपासतो. त्या कठोर डोळ्यांवर क्षणभर धूसर पडदा येतो, ओठ थरथरतात. वॉटसनला वाटतं, हे दिसण्यासाठी जखम झाली ते बरंच झालं. ही कथा १९२७ च्या शेवटच्या संग्रहातली आहे. चाळीस वर्षं कोरडं राहिलेलं पात्र एकदाच पाझरतं, म्हणूनच ते इतकं लागतं. प्रत्येक कथेत ओठ थरथरले असते तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

१८९३ मध्ये डॉयलने होम्सला मारलं तेव्हा लंडनकर दंडाला काळ्या फिती लावून हिंडले, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. तिला त्या काळातला भक्कम पुरावा मात्र नाही. १९०३ मध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं, हे खरं.

आणि चाहत्यांना गुंतवून ठेवण्यात डॉयलच्या विसरभोळेपणाचाही वाटा आहे. वॉटसनची युद्धातली जखम एकदा खांद्याला असते, एकदा पायाला. त्याचं नाव जॉन एच. वॉटसन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. लेखकाची डुलकी म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने मात्र रीतसर युक्तिवाद मांडला: ‘एच’ म्हणजे हेमिश, हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप, आणि बायको नवऱ्याला त्याच्या मधल्या नावाने हाक मारत होती.