एकच प्रावरण, बेसाल्ट मात्र अनेक

मागच्या भागात आपण महासागराचा तळ बेसाल्टचा का असतो, ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. समुद्रातले सगळे बेसाल्ट प्रावरणातल्या पेरिडोटाइट या खडकापासूनच तयार होतात, तर मग ते एकमेकांपेक्षा वेगळे का असतात?

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या पायाखाली लाव्हाचा समुद्र नाही. प्रावरण घन आहे. ते लाखो वर्षांच्या हिशेबात सावकाश सरकतं, पण असतं घनच. ते वितळतं ते बहुतेक वेळा जास्त तापल्यामुळे नव्हे, तर दाब कमी झाल्यामुळे. घरातला प्रेशर कुकर आठवा. त्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२०च्या आसपास उकळतं. दाब एकदम निघाला, तर वेगळी आच न देताही ते खळखळू लागतं. प्रावरणाचंही तसंच आहे. वर येणारा खडक किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश थंड होतो, पण त्याचा वितळणबिंदू तेवढ्याच अंतरात ३ ते ४ अंशांनी उतरतो. एका खोलीवर दोन्ही आकडे जुळतात आणि वितळणं सुरू होतं.

आता महत्त्वाची गोष्ट. खडक बर्फासारखा एका तापमानाला सगळाच्या सगळा वितळत नाही. लहानपणी आपण रंगीत बर्फाची कांडी चोखायचो. पहिल्या घोटांत सगळा गोडवा आणि रंग येतो, शेवटी हातात फिका बर्फ उरतो. पोटॅशियम, सोडियम, टायटॅनियम यांसारखी मूलद्रव्यं पेरिडोटाइटमधल्या मुख्य खनिजांत नीट सामावत नाहीत. संधी मिळताच ती द्रवात उतरतात. म्हणून थोडासाच खडक वितळला, तर त्या शिलारसात ही मूलद्रव्यं दाटलेली असतात. जास्त वितळला, तर ती पातळ होतात. पहिल्या प्रकारातून अल्कली बेसाल्ट मिळतो, दुसऱ्यातून थोलिआइट. वितळणं खोलवर, जास्त दाबाखाली झालं, तर शिलारसात सिलिकाही कमी असते. दाब आणि वितळण्याचं प्रमाण या दोन्हींचा परिणाम ग्रीन आणि रिंगवुड यांनी १९६०च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवून दिला.

मध्य-महासागरीय पर्वतरांगेवर दोन भूपट्ट दूर जातात आणि प्रावरण जवळजवळ वरपर्यंत येतं. तिथे सरासरी १० टक्क्यांच्या आसपास खडक वितळतो आणि ६ ते ७ किलोमीटर जाडीचं नवं कवच तयार होतं. हे प्रावरण पूर्वीही पिळून निघालेलं असतं, म्हणून इथल्या थोलिआइटमध्ये पोटॅशियम फारच कमी सापडतं. अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग याच जातीची.

हवाईची गोष्ट वेगळी. तिथे खालून नेहमीपेक्षा जास्त गरम प्रावरणाचा स्तंभ वर येतो, पण माथ्यावर जुन्या, जाड भूपट्टाचं झाकण असतं. त्यामुळे वितळणं खोलवरच थांबतं. हे ओळखायचं कसं? साधारण ८० किलोमीटरच्या खाली पेरिडोटाइटमध्ये गार्नेट असतं आणि ते यिटर्बियमसारखी मूलद्रव्यं स्वतःकडे धरून ठेवतं. लाव्हात यिटर्बियम कमी आणि लँथॅनम जास्त दिसलं, की शिलारस गार्नेटच्या खोलीतून आला, हे कळतं.

तिथला भूपट्ट वर्षाला ७ ते १० सेंटीमीटर वायव्येकडे सरकतो. ज्वालामुखी आधी स्तंभाच्या कडेवर असतो, मग मध्यावर येतो, मग पलीकडे जातो. कडेवर थोडं वितळणं, म्हणून समुद्राखालच्या तरुण कामाएहुआकानालोआमध्ये अल्कली बेसाल्ट सापडतो. मध्याजवळ भरपूर वितळणं, म्हणून मौना लोआ आणि किलाउएआ थोलिआइटचे. मौना केआ मध्यापासून दूर गेला, म्हणून त्याच्या माथ्यावर पुन्हा अल्कली लाव्हा. नुसत्या डोळ्यांना हे सगळे काळे दगड सारखेच दिसतात. म्हणून १९६४ मध्ये मॅकडोनाल्ड आणि कात्सुरा यांनी सिलिका एका अक्षावर, सोडियम-पोटॅशियम दुसऱ्या अक्षावर घेऊन दोन्ही जातींमध्ये एक रेषा आखली. ती आजही वापरली जाते.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. हा दगड ज्वालामुखीचं वय सांगतो. माथ्यावर अल्कली लाव्हा दिसला, की मुख्य बहर ओसरला, पण ज्वालामुखी मेला असं नाही. होनोलुलू शहराजवळचं डायमंड हेड हे मूळ ज्वालामुखी शांत झाल्यावर फार काळाने, अगदी थोड्या वितळण्यातून झालेल्या उद्रेकाचं विवर आहे. त्याच शहरात आज लाखो माणसं राहतात.

आपल्याकडे काय? दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. त्याचा संबंध आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळाशी जोडतात. तो बहुतांशी थोलिआइट आहे, म्हणजे वितळणं प्रचंड होतं. अंदमानच्या बॅरन बेटावर मात्र तिसरीच तऱ्हा. तिथे खाली जाणाऱ्या भूपट्टातून निघालेलं पाणी प्रावरणाचा वितळणबिंदू उतरवतं.

तेव्हा बेसाल्ट हातात आला, की मी तीन प्रश्न विचारतो: किती खोलवर वितळला, किती वितळला, आणि पाणी होतं का? वर येताना वाटेत शिलारसाचं काय होतं, ते पुढच्या भागात पाहू.